मोबाइलचे दर वाढले: तक्रार कुठे चालते, कुठे नाही आणि नंबर पोर्ट कसा करायचा

जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया या तिन्ही कंपन्यांनी एक-दोन दिवसांच्या अंतराने दर वाढवले. २८ दिवसांचा २९९ रुपयांचा पॅक ३४९ वर गेला. त्याआधी डिसेंबर २०१९ आणि नोव्हेंबर-डिसेंबर २०२१ मध्येही असेच झाले होते. दर वेळी पहिला प्रश्न एकच येतो: असे दर वाढवता येतात का, आणि ट्राय (दूरसंचार क्षेत्राची सरकारी नियामक संस्था) काय करते?

याचे उत्तर अनेकांना आवडत नाही, पण तेच आधी समजून घ्यावे लागते. मोबाइलचे दर ट्राय ठरवत नाही. बाजारात स्पर्धा आहे असे धरून दर ठरवण्याचे काम कंपन्यांवर सोडलेले आहे. नवे दर लागू झाल्यापासून कामकाजाचे सात दिवस उलटण्याआधी ते ट्रायला कळवायचे, एवढे बंधन आहे. त्यामुळे ‘३४९ हा दर जास्त आहे, तो कमी करा’ ही तक्रार कुठेच टिकत नाही. कस्टमर केअर, ट्राय, ग्राहक आयोग, कुठेही नाही. यात घालवलेला वेळ वाया जातो.

टिकते ती वेगळी गोष्ट. ज्या सेवेचे पैसे तुम्ही आधीच भरले आहेत, तिच्या मुदतीत कंपनीला हात घालता येत नाही. म्हणजे सगळा खेळ तारखांचा आहे. रिचार्ज कधी केले, प्लॅन कधी घेतला, मुदत कधी संपते आणि बदल कधी झाला, या चार तारखा हातात असतील तर पुढचे सोपे जाते.

नियम नेमका काय आहे

ट्रायच्या दूरसंचार दर आदेशात ग्राहकाला दोन प्रकारचे संरक्षण दिले आहे.

पहिले: एखादा टॅरिफ प्लॅन घेतल्यापासून सहा महिने त्यातला कोणताही दर ग्राहकाला महाग पडेल असा वाढवता येत नाही. कमी करायचा असेल तर कधीही करता येतो. पोस्टपेड ग्राहकाला याचा खरा उपयोग होतो. मार्चमध्ये पोस्टपेड प्लॅन घेतला आणि जूनच्या बिलात मासिक भाडे वाढून आले, तर ती सरळ चूक आहे.

दुसरे: ज्या प्लॅनचे पैसे आगाऊ घेतले आणि मुदत सांगितली, त्याची ती पूर्ण मुदत संरक्षित असते. ३६५ दिवसांचा पॅक घेतला तर वर्षभर त्याचे फायदे तसेच राहिले पाहिजेत, मग मधे बाजारात दर कितीही वर जावोत.

इथे एक गैरसमज होतो. ‘सहा महिने दर वाढवता येत नाहीत, मग माझा २८ दिवसांचा पॅक पुढच्या महिन्यात महाग कसा झाला?’ कारण रोजच्या वापरातले पॅक म्हणजे ठरावीक मुदतीची व्हाउचर. त्यांचे संरक्षण त्यांच्या मुदतीपुरते. २८ दिवस संपले की पुढचे रिचार्ज हा नवा व्यवहार, आणि तो नव्या दराने. म्हणून प्रीपेड ग्राहकाच्या हातातला खरा उपाय लांब मुदतीचा पॅक हाच आहे.

प्लॅन कधी बदलायचा याचे स्वातंत्र्य मात्र तुमचे. पोस्टपेड ग्राहक कधीही कंपनीच्या दुसऱ्या प्लॅनवर जाऊ शकतो. बदल लगेच किंवा पुढच्या बिलिंग सायकलपासून लागू व्हायला हवा.

आधी पाहा, ही दरवाढच आहे का

‘बिल वाढले’ म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत दर वाढलेलेच नसतात. पैसे भलतीकडे जात असतात. म्हणून हे आधी तपासा.

मूल्यवर्धित सेवा म्हणजे कॉलर ट्यून, गेम, ज्योतिष, क्रिकेट अलर्ट यांपैकी काही चालू झाले आहे का? अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घेणे कंपनीवर २०१३ पासून बंधनकारक आहे. १५५२२३ या मोफत नंबरवर फोन करून चालू सेवा विचारा आणि नको ती बंद करा. संमतीशिवाय कापलेले पैसे परत मागा. ही तक्रार सहसा पटकन सुटते, कारण संमतीची नोंद दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर येते.

पोस्टपेडमध्ये जीएसटीचा घोळ होतो. प्रीपेड पॅकच्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, पोस्टपेडच्या जाहिरातीतल्या आकड्यावर तो वेगळा लागतो. ५०० रुपयांचा प्लॅन म्हणजे बिल ५९० चे. ही दरवाढ नव्हे, पण प्रीपेडवरून पोस्टपेडवर जाताना दुकानदाराने हे सांगितले नसेल तर राग येणे साहजिक आहे.

तिसरी शक्यता सवलत संपल्याची. ‘पहिले तीन महिने इतके रुपये’ अशी ऑफर होती आणि चौथ्या महिन्यापासून मूळ भाडे लागले. प्लॅन घेतानाचा एसएमएस किंवा ईमेल उघडून पाहा. सवलतीची मुदत लिहिलेली नसेल, तर तुमच्या तक्रारीला बळ आहे.

आणि चौथी, हल्ली फार दिसणारी: ऑटो-पे. यूपीआयवर रिचार्जचे मँडेट (आपोआप पैसे कापण्याची परवानगी) देताना कमाल रक्कम टाकलेली असते. ती १००० असेल आणि पॅक २९९ वरून ३४९ झाला, तर वाढीव पैसे तुम्हाला पुन्हा न विचारता जाऊ शकतात, कारण ते मर्यादेच्या आतच आहेत. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येणे बंधनकारक आहे; ती एसएमएसच्या गर्दीत निसटते. यूपीआय अॅपमध्ये ऑटो-पे किंवा मँडेट विभागात जाऊन कमाल रक्कम चालू पॅकइतकीच ठेवा, किंवा मँडेट रद्द करून हाताने रिचार्ज करा. दरवाढीची बातमी आली की हे काम त्याच दिवशी उरका.

प्रीपेडवर पैसे कुठे गेले ते कळतच नसेल, तर मागच्या सहा महिन्यांपर्यंतच्या वापराचा तपशील लेखी मागता येतो. त्यासाठी कंपनी ५० रुपयांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही आणि ३० दिवसांत तो द्यावा लागतो. दुकानातल्या माणसाला हा नियम बहुधा ठाऊक नसतो. कस्टमर केअरला सांगा आणि विनंतीचा नंबर घ्या.

घोषणा ते अंमलबजावणी: हेच ते चार-पाच दिवस

२०२४ मध्ये घोषणा २७-२८ जूनला झाल्या आणि दर ३ व ४ जुलैला लागू झाले. मधले दिवस ग्राहकाच्या हाताशी होते. या काळात जुन्या दराने केलेले रिचार्ज जुन्या दराचेच राहते.

चालू पॅक संपायला वेळ असला तरी पुढचा पॅक आधी घेऊन रांगेत ठेवता येतो. चालू पॅक संपला की तो आपोआप सुरू होतो. पण सगळेच पॅक रांगेत जात नाहीत. काही डेटा पॅक लगेच सुरू होतात, आणि पॅकचा प्रकार बदलला तर चालू पॅकचे उरलेले दिवस वाया जाण्याचा धोका असतो. पैसे भरण्याआधी कंपनीच्या अॅपमध्ये त्या पॅकच्या अटी उघडा आणि रिचार्जनंतर ‘पुढचे पॅक’ या ठिकाणी तो दिसतो आहे ना, हे पाहून स्क्रीनशॉट घ्या. तारीख आणि वेळ दिसेल असा.

किती फरक पडतो, ते मांडून पाहावे. २८ दिवसांचे पॅक घेणारा वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज करतो. २९९ ने ३,८८७ रुपये होतात, ३४९ ने ४,५३७. म्हणजे एका नंबरमागे वर्षाला ६५० रुपये. घरात चार नंबर असतील तर २,६००. म्हणून तुलना नेहमी दिवसाच्या खर्चाने करा: किंमत भागिले दिवस. ३४९ भागिले २८ म्हणजे दिवसाला १२ रुपये ४६ पैसे. ८४ दिवसांच्या आणि वर्षाच्या पॅकचा भाव याच मापाने काढा, मग कुठला स्वस्त ते जाहिरातीतल्या शब्दांवर अवलंबून राहत नाही.

तेरावे रिचार्ज नको असेल तर प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा निदान एक पॅक आणि दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारा निदान एक पॅक ठेवलाच पाहिजे, असा २०२२ चा आदेश आहे. हे पॅक अॅपच्या पहिल्या पानावर क्वचितच दिसतात. खाली सरकत जाऊन मुदतीनुसार शोधावे लागतात. किंमत दिवसाने भागून पाहायला विसरू नका.

घरातले वडीलधारे फक्त फोन करतात, नेट वापरत नाहीत, आणि त्यांच्यासाठीही रोज दीड जीबीचे पैसे जातात. डिसेंबर २०२४ मधल्या ट्रायच्या दुरुस्तीमुळे फक्त कॉल आणि एसएमएसचा निदान एक पॅक ठेवणे कंपन्यांना भाग आहे आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. जानेवारी २०२५ पासून ते मिळतात. दुकानदार आपणहून सांगत नाही. ‘फक्त व्हॉइसवाला पॅक’ असे नाव घेऊन मागा. एक सावधगिरी: अशा फोनवर मोबाइल डेटा बंद करून ठेवा.

कपाटात पडून असलेल्या दुसऱ्या सिमबद्दल. ९० दिवस काहीच वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो. पण मुख्य बॅलन्समध्ये २० रुपये किंवा जास्त असतील तर तो लगेच बंद करता येत नाही. २० रुपये कापून ३० दिवसांची वाढ द्यावी लागते आणि बॅलन्स असेपर्यंत हे चालू राहते. बॅलन्स संपल्यावरही १५ दिवसांची सवलत असते. ही सोय नंबर हातातून जाऊ नये म्हणून आहे, कॉल चालू राहावेत म्हणून नाही. बँकेचे ओटीपी ज्या नंबरवर येतात, तो नंबर या २० रुपयांच्या भरवशावर ठेवू नका.

सर्कल पाहा

दूरसंचाराच्या नकाशावर मुंबई हे वेगळे सर्कल, म्हणजे सेवाक्षेत्र, आहे. नवी मुंबई आणि ठाणे-कल्याणचा पट्टाही त्यात येतो. उरलेला महाराष्ट्र गोव्यासोबत दुसऱ्या सर्कलमध्ये. साताऱ्याहून किंवा कोल्हापूरहून आणलेला नंबर वर्षानुवर्षे डोंबिवलीत वापरात असतो, पण त्याचे सर्कल महाराष्ट्र-गोवाच. रिचार्ज अॅपमध्ये चुकीचे सर्कल निवडले तर चुकीची पॅकयादी दिसते आणि ‘मित्राला स्वस्त पॅक मिळाला, मला नाही’ असा वाद सुरू होतो. सगळ्या कंपन्यांचे सर्कलवार दर ट्रायच्या टॅरिफ पोर्टलवर एका जागी पाहता येतात. कंपनीच्या अॅपमधून गायब झालेला स्वस्त पॅक खरोखर बंद झाला की फक्त लपवला, हेही तिथे ताडून पाहता येते.

तक्रार: १९८ पासून सुरुवात

मुदतीच्या आत फायदे कमी केले, सहा महिन्यांच्या आत भाडे वाढवले, न मागता प्लॅन बदलला, जुन्या दराने भरलेले रिचार्ज लागलेच नाही: यांपैकी काही झाले असेल तर तक्रार जरूर करा.

फोन १९८ वर करायचा. १२१ हा माहितीचा नंबर आहे आणि तिथे बोलणे बहुतेक वेळा ‘आपकी बात समझ रहे हैं’ यावरच संपते. १९८ वर गेलेली गोष्ट तक्रार म्हणून नोंदली जाते आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मिळतो. हा नंबर नसेल तर पुढच्या कुठल्याही पायरीवर तुमच्याकडे काहीच नाही, असे समजा. तो एसएमएसने येतो. नाही आला तर फोन ठेवण्याआधी तोंडी मागून लिहून घ्या.

बोलताना नाराजी नको, तारखा हव्यात. साधारण असे:

‘या नंबरवर १२ जूनला ८४ दिवसांचे रिचार्ज केले. मुदत ३ सप्टेंबरपर्यंत आहे. रिचार्जच्या वेळी रोज २ जीबी डेटा होता. ५ जुलैपासून रोज दीड जीबीच मिळतो आहे. मुदत संपण्याआधी असा बदल ट्रायच्या दर आदेशात बसत नाही. तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर द्या.’

‘सर, हे नवीन धोरण आहे’ असे उत्तर आले तर धोरणावर वाद घालू नका. ‘धोरण नव्या रिचार्जला लागू, माझे जुने आहे’ एवढेच म्हणा आणि डॉकेट नंबरावर या. मराठीतून बोलायचे असेल तर सुरुवातीलाच भाषा निवडा. अर्धा मुद्दा भाषांतरात हरवतो.

बिलाच्या तक्रारी चार आठवड्यांत, आणि फार तर सहा आठवड्यांत सुटल्या पाहिजेत, असा दर्जाचा निकष आहे. तक्रार मान्य झाल्यावर पैसे एका आठवड्यात जमा व्हायला हवेत. पोस्टपेड बिलातली रक्कम वादात असेल, तर वाद नसलेली रक्कम देय तारखेआधी भरून टाका आणि तसे ईमेलने कळवा. पूर्ण बिल थकवले तर सेवा खंडित होते आणि तक्रारीचा मुद्दा बाजूला पडून तुम्हीच थकबाकीदार ठरता. इथेच सर्वात जास्त लोक अडकतात.

दुसरी पायरी: अपील

उत्तर पटले नाही किंवा मुदतीत आलेच नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जायचे. ही पायरी फारशी कोणी वापरत नाही, आणि आमच्या मते लहान रकमेसाठी हाच सर्वात उपयोगी मार्ग आहे. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. सल्ला देणाऱ्या समितीत ग्राहक संघटनेचा एक सदस्य असतो आणि प्रकरण फोनवरच्या ठरलेल्या उत्तरांच्या पलीकडे जाऊन कोणीतरी वाचते.

तक्रार सुटण्याची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करा. ईमेल, पत्र किंवा कस्टमर केअरवरूनही करता येते. प्राधिकाऱ्याचा पत्ता आणि ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर, ‘ग्राहक सनद’ या दस्तऐवजात असतो. पान अगदी तळाशी, बारीक अक्षरांत. निर्णय ३९ दिवसांत यायला हवा.

अपील एका पानाचे ठेवा: मोबाइल नंबर, डॉकेट नंबर आणि तारीख, काय घडले ते चार ओळींत, कोणत्या नियमाचा भंग झाला ते, आणि मागणी. मागणी स्पष्ट हवी. ‘योग्य ती कारवाई करावी’ ही मागणी नव्हे. ‘५ जुलै ते ३ सप्टेंबर या ६१ दिवसांचा रोजचा अर्धा जीबी पूर्ववत करावा किंवा त्या प्रमाणात रक्कम परत करावी’ ही मागणी. सोबत रिचार्जचा एसएमएस, पैसे भरल्याची पावती आणि पॅकच्या पानाचा स्क्रीनशॉट.

ट्रायला थेट पत्र लिहिण्यात अर्थ नाही; वैयक्तिक तक्रारी ट्राय निकाली काढत नाही. दूरसंचार विभागाकडे केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवरून जाता येते, पण तिथेही आधीचा डॉकेट नंबर विचारतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतूनही तक्रार घेतात आणि कंपनीकडे पाठपुरावा होतो. अपील चालू असताना १९१५ वरही नोंद केली तर हरकत नाही.

ग्राहक आयोग

‘टेलिफोनच्या वादात ग्राहक न्यायालयात जाता येत नाही’ हे अजूनही सांगितले जाते. जुन्या टेलिग्राफ कायद्याच्या आधारे २००९ मध्ये तसा निकाल आला होता. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन-आयडियाच्या प्रकरणात स्पष्ट केले की मोबाइल ग्राहकाला ग्राहक आयोगाकडे जाता येते. कंपनीच्या वकिलाने जुना निकाल पुढे केला तर हा निकाल दाखवा.

तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते; कंपनीचे मुख्यालय कुठे आहे याला महत्त्व नाही. मुंबईच्या उपनगरवासीयांसाठी जिल्हा आयोग वांद्रे पूर्वेला आहे, दक्षिण आणि मध्य मुंबईसाठी परळला. प्रत्यक्ष जाण्याऐवजी ई-जागृती या सरकारी पोर्टलवरूनही दाखल करता येते. सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, म्हणजे मोबाइलच्या वादात शुल्क जवळपास कधीच लागत नाही. वकील सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाखल व्हायला हवी. स्क्रीनशॉट, एसएमएस असे इलेक्ट्रॉनिक पुरावे जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र सोबत द्या. त्याअभावी पुरावा बाद ठरवा, असा आक्षेप विरोधी पक्ष हमखास घेतो.

पन्नास रुपयांच्या फरकासाठी आयोगात जावे का? रकमेपुरते पाहिले तर नाही. तारखांना हजर राहण्यात त्याहून जास्त जाते. पण नंबर बंद पडून धंद्याचे नुकसान झाले, चुकीच्या थकबाकीपायी वसुलीवाले घरी आले, पतमानांकन घसरले, तर जरूर जा. अशा वेळी मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या, १९७५ पासून काम करणाऱ्या संघटनेचा सल्ला तक्रार लिहिण्याआधी घ्या, नंतर नव्हे.

कंपनी सोडायची असेल तर

दर न परवडणे ही तक्रार होत नाही, पण कंपनी बदलण्याचे पुरेसे कारण आहे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे, आणि दुसऱ्या सर्कलमध्येही जुलै २०१५ पासून.

आधी सिग्नल. मुंबईत हा प्रश्न इमारतीगणिक बदलतो. रस्त्यावर फाइव्ह-जी, लिफ्टमधून वर गेलात की एक दांडी. चाळीतल्या मागच्या खोलीत एका कंपनीचा आवाज तुटतो, दुसरीचा नाही. कंपन्यांना आपले कव्हरेजचे नकाशे प्रसिद्ध करावे लागतात, ते पाहाच, पण शेजाऱ्याचा फोन घेऊन तुमच्या स्वयंपाकघरात, ऑफिसच्या जागेवर आणि रोजच्या लोकलच्या मार्गावर कॉल लावून पाहणे जास्त खरे. स्वस्त पॅकसाठी सरकारी सेवेकडे जायचा विचार असेल तर ही चाचणी दुप्पट काळजीने करा. एकदा पोर्ट केल्यावर पुढचे ९० दिवस परत फिरता येत नाही.

मग प्रक्रिया. इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट, एक मोकळी जागा, आणि दहा आकडी नंबर असा एसएमएस १९०० वर पाठवा. आठ अक्षर-अंकांचा पोर्टिंग कोड येतो. मुंबईत तो चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा, ओळखपत्र द्या, नवे सिम घ्या. शुल्क ६ रुपये ४६ पैशांपर्यंत, आणि बहुतेक कंपन्या तेही घेत नाहीत. सर्कल तेच असेल तर कामकाजाचे तीन दिवस, साताऱ्याचा नंबर मुंबई सर्कलमध्ये आणायचा असेल किंवा नंबर कंपनीच्या नावावर असेल तर पाच.

‘तुमच्या पॅकमध्ये एसएमएस नाही, आधी मोठे रिचार्ज करा’ असे सांगितले जात असेल तर ते चुकीचे आहे. कोणताही पॅक असो, १९०० वरचा पोर्टिंगचा एसएमएस जाऊ दिलाच पाहिजे, असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे.

कोड नाकारला तर कारण एसएमएसने येते. चालू कंपनीत ९० दिवस पूर्ण नसणे, पोस्टपेडची देय तारीख उलटलेली थकबाकी, नंबर दुसऱ्याच्या नावे करण्याचा अर्ज प्रलंबित असणे, न्यायालयीन वाद, करारातली लॉक-इनची (ठरावीक काळ कंपनी न सोडण्याची) अट, आणि जुलै २०२४ पासून सिम बदलून सात दिवस न होणे, ही ग्राह्य कारणे. फॅन्सी नंबर घेतलेल्यांनी लॉक-इन आवर्जून पाहावे. ‘सिस्टिम एरर’ किंवा ‘वरिष्ठांची परवानगी नाही’ ही कारणे नव्हेत. चुकीच्या नकारासाठी ट्राय कंपनीला दर प्रकरणामागे १०,००० रुपयांपर्यंत दंड करू शकते. १९८ वर तक्रार करताना याचा उल्लेख करा.

अर्ज दिल्यावर जुन्या कंपनीचा फोन येतो आणि अचानक खास सवलत निघते. घ्यायची तर लेखी मागा, म्हणजे एसएमएसवर: किंमत, फायदे, मुदत. पोर्ट करायचेच नसेल, तर अर्ज दिल्यापासून २४ तासांत १९०० वर रद्द करण्याचा एसएमएस पाठवता येतो.

पोर्टिंग कोड ओटीपीइतकाच जपा. ‘ट्रायमधून बोलतोय, तुमचा नंबर दोन तासांत बंद होईल’ असे सांगून कोड मागणारा फोन फसवणुकीचाच असतो; ट्राय ग्राहकांना असे फोन करत नाही. कोड दुसऱ्याच्या हाती गेला की नंबर गेला, आणि नंबरामागोमाग बँक खाते.

प्रीपेड असाल तर उरलेला बॅलन्स, डेटा, पॅकचे दिवस, सगळे पोर्ट होताच बुडते. रांगेत ठेवलेले पॅकसुद्धा. म्हणून दरवाढीआधी वर्षभराचे रिचार्ज करून ठेवले असेल, तर पोर्टिंगचा विचार तेवढ्यापुरता बाजूला ठेवा. दोन्ही फायदे एकत्र मिळत नाहीत. पॅक संपायला चार-पाच दिवस असताना एसएमएस पाठवणे हे त्यातल्या त्यात चांगले गणित. बदलाच्या रात्री काही तास, चारपर्यंत, सेवा नसते. त्या दिवशी गृहकर्जाचा हप्ता, तत्काळ तिकीट, परीक्षेचा फॉर्म असे ओटीपीचे काम ठेवू नका. फोनवर ‘सेवा नाही’ दिसले की नवे सिम घाला.

पोस्टपेडवाल्यांचे काम मात्र इथे संपत नाही. पोर्ट झाल्यानंतर जुनी कंपनी शेवटचे बिल पाठवते. ते जुन्या ईमेलवर किंवा जुन्या अॅपमध्ये येते, म्हणून दिसत नाही. आणि भरले नाही तर जुनी कंपनी नव्या कंपनीकडून तुमची सेवा बंद करून घेऊ शकते. पोर्टच्या आधीच्या दिवशी जुन्या अॅपमधून सगळी बिले उतरवून घ्या, नंतर महिनाभर शेवटच्या बिलावर लक्ष ठेवा, भरल्यावर ‘थकबाकी नाही’ असा लेखी खुलासा मागा. अनामत रक्कम भरली असेल तर ती ४५ दिवसांत परत आली पाहिजे. नाही आली, तर त्याचीही तक्रार जुन्या कंपनीकडेच, नव्या डॉकेट नंबरासह.